सपाट पाय म्हणून घाबरू नकोस, आधी बुटातलं इनसोल बाहेर काढून बघ

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी चार महिन्यांपूर्वी धावायला लागले, वय ३६. सुरुवातीला मिनिटभर पळून दोन मिनिटं चालायचे, आता न थांबता ५ किमी होतात. पण उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख काळं पडलंय आणि तीनेक किमी झाले की चवड्याला मुंग्या येतात. नवीन बूट घ्यायला गेले तर मला ट्रेडमिलवर पळवून व्हिडिओ काढला आणि सांगितलं की तुमचे पाय सपाट आहेत, आत कलतात, साधे बूट घातलेत तर गुडघे जातील, हे स्टॅबिलिटीवालेच, म्हणजे पाऊल आत कलू नये म्हणून आधार दिलेलेच घ्या. पायात घातले तर कमानीखाली दगड ठेवल्यासारखं वाटलं. मैत्रीण म्हणते कार्बन प्लेटवाले घे, भाऊ म्हणतो अनवाणी पळ. मी आयुष्यभर ६ नंबर घालत आलेय. काय घेऊ? आणि माझ्या पायात खरंच काही दोष आहे का?"

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण अख्खं पत्र त्याच भीतीतून आलंय असं मला वाचताना वाटलं. तू जे लिहिलंयस त्यावरून तरी दोष वगैरे काही दिसत नाही. सपाट पाय म्हणजे आजार नव्हे, कुणाचं नाक सरळ असतं कुणाचं बसकं, तसंच कुणाच्या पावलाला उंच कमान असते कुणाच्या कमी, आणि कमी कमान असलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं बिनतक्रार पळतायत. घरी एक करून बघ. भिंतीला हात टेकून अनवाणी उभी राहा, कुणाला तरी मागे बसून बघायला सांग आणि हळूहळू टाचा उचलून चवड्यांवर ये. टाचा वर गेल्यावर तळव्याखाली कमान दिसायला लागली तर तुझं पाऊल लवचिक आहे, उभं राहिल्यावर खाली बसतं आणि जोर लावला की उठतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कमान उठलीच नाही, किंवा टाच उचलताना घोट्याच्या आतल्या बाजूला दुखलं, किंवा एकच पाऊल हल्ली हल्ली सपाट होत चाललंय असं वाटलं, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखव, बुटाचं नंतर बघू.

आता ते "आत कलतात" प्रकरण. पळताना बहुतेकांची टाचेची बाहेरची कड आधी टेकते, मग पाऊल थोडं आत कलतं, कमान जराशी खाली बसते आणि त्यात धक्का विरतो. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर पायावर येतो, तो कुठेतरी जिरायला नको का? पाऊल आत कलणं हीच त्याची सोय आहे. सगळ्यांचंच कलतं, कुणाचं कमी कुणाचं जास्त. आणि व्हिडिओबद्दल सांगायचं तर तू पहिल्यांदाच त्या पट्ट्यावर चढलीस, पायात परके बूट, समोर अनोळखी माणूस, मिनिटभर पळालीस, त्यात तुझी रोजची चाल आली असेल असं मला नाही वाटत. शिवाय कॅमेऱ्यात दिसतो तो बूट, आतली हाडं काय करतायत ते दिसत नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या रनर्सना, म्हणजे अगदी तुझ्यासारख्यांना, एकाच प्रकारचे साधे न्यूट्रल, म्हणजे असा आधार नसलेले बूट देऊन वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं, २०१४ च्या आसपास तो अभ्यास छापून आला, आणि ज्यांची पावलं आत झुकलेली होती त्यांना जास्त दुखापती झाल्या असं काही दिसलं नाही. त्याच्या आधी अमेरिकेच्या आर्मी, एअर फोर्स आणि मरीन कोअरमध्ये नव्या भरतीच्या मुलामुलींवर प्रयोग झाले होते, अर्ध्यांना तळव्याचा आकार बघून "योग्य" प्रकारचे बूट दिले आणि उरलेल्यांना आकार न बघता सरसकट एकच प्रकार दिला, तर ट्रेनिंगमधल्या दुखापतींत सांगण्यासारखा फरक पडला नाही. ओला पाय फरशीवर उमटवायचा आणि त्यावरून बूट ठरवायचा, हा सल्ला आजही जिथे तिथे मिळतो, पण निवड करायला तो पुरत नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू स्टॅबिलिटी बुटांना उगाच वाईट समजशील. लक्झेंबर्गमध्ये ३७२ रनर्सवर सहा महिने अभ्यास झाला, २०१६ साली आला, त्यात पाय जास्त आत झुकणाऱ्यांना आधारवाल्या बुटांचा फायदा दिसला होता. म्हणजे असे बूट घालून तुला छान वाटलं असतं तर मी खुशाल घे म्हटलं असतं. पण तुला वाटलं काय, दगड! मग संपला विषय. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातल्या बेन्नो निग यांनी आयुष्यभर हाच अभ्यास केला आणि २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की बूट निवडताना स्वतःच्या पायाला काय आरामशीर वाटतं हीच चाळणी लावावी. त्यांच्या टीमने आधी सैनिकांवरही करून बघितलं होतं, वेगवेगळ्या इनसोलमधून ज्याला जो सगळ्यात आरामदायक वाटला तो त्याला वापरायला दिला, आणि न दिलेल्यांपेक्षा त्यांना दुखापती कमी झाल्या. हा सिद्धांत अगदी पक्का सिद्ध झालाय असं नाही, पण मला तो पटतो, कारण इतकी वर्षं नव्या लोकांबरोबर पळताना मी तेच बघतेय. पहिल्या पाच मिनिटांत टोचलेला बूट पुढे "सेट" झालाय असं मी तरी क्वचितच पाहिलंय.

बरं, आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येऊ, म्हणजे नख आणि मुंग्या. गंमत बघ, ट्रेडमिल झाली व्हिडिओ झाला पण या दोन गोष्टी कुणी विचारल्याच नाहीत.

तुझे आत्ताचे बूट घे, लेस पूर्ण सैल कर आणि आतलं इनसोल, ती काढता येणारी पातळ गादी, ओढून बाहेर काढ. फरशीवर ठेव आणि त्यावर अनवाणी उभी राहा, बसून नाही हं, उभी, अंगाचा पूर्ण भार देऊन, टाच बरोब्बर मागच्या गोलाईत बसवून. आता खाली बघ. सगळ्यात पुढे कुठलं बोट आहे? मी पैज लावते, उजव्या पायाचं तरी अंगठ्याशेजारचं असणार. खूप जणांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, आणि बूट बघताना आपण काय करतो, समोरून दाबून अंगठ्यापुढे जागा आहे ना ते बघतो आणि खूश होतो. दुसरं बोट बिचारं दर पावलाला पुढे आपटतं, पाच किमीत काही हजार वेळा, नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. त्या गादीवर तुझ्या बोटांचे खळगे उमटले असतील तेही बघ, दुसऱ्या बोटाचा खळगा अगदी कडेला टेकलेला दिसेल. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण तुझ्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटीमीटरभर किंवा थोडी जास्त जागा पाहिजे, कारण पळताना पाऊल लांबतं, गरम होऊन सुजतं आणि उतारावर पुढे सरकतं.

मग रुंदी बघ. करंगळीची बाजू आणि अंगठ्यामागचा सांधा गादीच्या कडेवरून बाहेर सांडतायत का? सांडत असतील तर मुंग्यांचं कारण तिथेच आहे, चवडा दोन्हीकडून आवळला जातोय आणि बोटांच्या मधल्या नसा चेमटतायत. दोन्ही पाय वेगवेगळे बघ बरं का, बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, तुझा उजवा असावा. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा, लहान पायाला लेसने सांभाळून घेता येतं, पण लहान बुटात मोठा पाय कसा मावणार.

आणि ते "आयुष्यभर ६ नंबर" सोडून दे प्लीज. माझंही तेच होतं. मी पहिली हाफ मॅरेथॉन माझ्या "नेहमीच्या" नंबरात पळाले, बूट घेताना पाय अगदी फिट्ट बसला म्हणून आनंद झाला होता, शेवटच्या उतारावर प्रत्येक पावलाला डोळ्यांत पाणी येत होतं आणि घरी येऊन मोजे काढले तर दोन नखं जांभळी. दोन्ही गेली. पायाचं नख पूर्ण परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं हे मला तेव्हा कळलं. नंबर हा पायाचा नसतो, ज्या साच्यावर तो बूट शिवला त्या साच्याचा असतो, आणि दर कंपनीचा साचा वेगळा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचासुद्धा. यूकेच्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलीमीटर, म्हणून अर्धा नंबर म्हणजे जेमतेम चार. एवढ्या चार मिलीमीटरवर नख राहतं किंवा जातं! त्यामुळे रोजच्या चपला-बुटांपेक्षा रनिंग शूज अर्धा ते एक नंबर मोठे लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस.

रुंदीचंही माप असतं हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. बायकांच्या बुटांत नेहमीची रुंदी बी, रुंद हवा तर डी. पुरुषांच्यात डी हीच नेहमीची आणि रुंद म्हणजे टू ई, फोर ई. म्हणून बायकांच्या मॉडेलमध्ये चवडा आवळत असेल तर तेच मॉडेल पुरुषांच्या मापात घालून बघ, बिलकूल लाजू नकोस, पायाला रंग आणि लेबल कळत नाही. फक्त टाच ढिली पडत नाही ना तेवढं बघ, कारण पुरुषांच्या साच्यात टाचही रुंद असते. दुकानात पाय मोजायचं ते धातूचं सरकत्या पट्ट्यांचं यंत्र असतं ना, ते चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात अमेरिकेत बनवलं, आणि त्यात लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजलं जातं. ते तिसरं माप महत्त्वाचं आहे गं. बूट जिथे वाकतो आणि तुझा पाय जिथे वाकतो ती जागा एक असायला हवी. दोघींची लांबी सारखी पण एकीची बोटं लांब आणि एकीची आखूड असेल तर एकाच नंबरात एकीला छान वाटेल आणि दुसरीला तळव्यात बोचेल. तुझा तो "दगड" कदाचित हेच असेल, बुटातला उंचवटा तुझ्या कमानीच्या जागी नसून थोडा पुढे-मागे आलेला.

नवीन बूट बघायला संध्याकाळी जा, दिवसभर वावरून पाय जरा फुगलेले असतात, पळताना असतात तसे. पळायचेच मोजे घेऊन जा, आणि ते मोजे शंभर टक्के सुती असतील तर आधी ते बदल, सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. कुठलाही बूट घालण्याआधी त्याची गादी काढून वर सांगितलं तसं उभी राहून बघ, निम्मे बूट तिथेच बाद होतील आणि तुझा वेळ वाचेल. उरलेल्यांतले दोन निवड आणि एका पायात एक, दुसऱ्यात दुसरा घालून चाल, फरक लगेच कळतो. मग जो बरा वाटेल त्याची पूर्ण जोडी घालून, लेस नीट बांधून, थोडं पळ. चालून कळत नाही, पळच. बोटं आत मोकळेपणी हलली पाहिजेत, पियानो वाजवल्यासारखी, मधलं पाऊल हाताने हलकेच धरल्यासारखं वाटलं पाहिजे, टाच वर-खाली घसरता कामा नये. कुठे घासतंय, टोचतंय, "चालेल तसं" वाटतंय, तर नाही म्हणायचं आणि पुढचा बूट मागायचा. समोरचा माणूस वैतागला तरी हरकत नाही, ५ किमी त्याला नाही तुला पळायचेत.

लेसबद्दल दोन शब्द, कारण मुंग्यांचं निम्मं कारण कधी कधी तिथेच निघतं. आपण वरपासून खालपर्यंत एकाच जोराने आवळतो. चवड्याजवळची दोन-तीन भोकं सैलच ठेव आणि घोट्याकडे जाताना घट्ट करत जा. बहुतेक रनिंग शूजना सगळ्यात वर, जरा मागे सरकलेलं, एक जादाचं भोक असतं ज्यात कुणीच लेस घालत नाही. दोन्ही बाजूची लेस त्याच बाजूच्या त्या भोकात सरळ वर घाल, पूर्ण ओढू नकोस, दोन्हीकडे एकेक छोटा फासा राहू दे. आता उजवी लेस डाव्या फाशातून आणि डावी उजव्या फाशातून काढ, दोन्ही खाली ओढ आणि गाठ मार. टाच जागच्या जागी बसते आणि पुढे न आवळताही पाय पुढे सरकत नाही. आत्ताच्या बुटात आजच करून बघ. पावलाच्या वरच्या बाजूला एखाद्या ठिकाणी दाब येत असेल तर तिथे लेसची फुली घालू नकोस, दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात ने, मधे खिडकी ठेवल्यासारखी मोकळी जागा राहते.

मैत्रिणीच्या कार्बन प्लेटबद्दल: नको. तसे बूट २०१७ पासून गाजायला लागले, जाड हलका फोम आणि मधे कडक वाकडी पट्टी, वेगात स्पर्धा पळणाऱ्यांसाठी ते खरंच वेगवान आहेत, इतके की वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलीमीटरपेक्षा जास्त नको असा नियम करावा लागला. पण ते उंच असतात, घोट्याला डुगडुगतात आणि लवकर झिजतात. आरामात ५ किमी पळणाऱ्या पायाला त्यांनी काही मिळणार नाही.

भावाचं अनवाणी प्रकरण जरा समजून घे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. घरात, गवतावर अनवाणी चालून पावलाचे स्नायू मजबूत होतात, ते जरूर कर. पण जाड बुटातून एकदम अनवाणी किंवा पातळ सोलवर उडी मारलीस तर पोटऱ्या आणि चवड्याची हाडं बोलायला लागतील. २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला होता, पाच बोटांच्या पातळ बुटांवर हळूहळू वळणाऱ्या १९ रनर्सपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडात दहा आठवड्यांत एमआरआयमध्ये सूज वाढलेली दिसली, आणि तेही हळूहळू वळल्यावर बरं का. ड्रॉप म्हणून एक आकडा बुटाच्या माहितीत दिलेला असतो, टाच चवड्यापेक्षा किती मिलीमीटर उंच आहे त्याचा, शून्य ते बारापर्यंत. ड्रॉप जास्त तर गुडघ्यावर भार जरा जास्त, कमी तर पोटरीवर आणि टाचेच्या वरच्या शिरेवर. तुझ्या आत्ताच्या बुटाचा जो आहे त्याच्या जवळपासचाच घे, उगाच बदलू नकोस, पोटऱ्या तक्रार करत नाहीयेत तर त्यांना कशाला छेडायचं.

बूट साधारण ५०० ते ८०० किमी चालतात, तुझं वजन, रस्ता, फोम यावर कमी-जास्त. वरून नवे दिसतात पण आतला फोम बसलेला असतो, म्हणून घेतल्याची तारीख लिहून ठेव आणि किमी मोज. टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसली तर घाबरू नकोस, ती बहुतेकांची तशीच झिजते. पुढे कधी जमलं तर दोन वेगवेगळ्या जोड्या आलटून पालटून वापर, लक्झेंबर्गच्याच त्या लोकांनी २६४ रनर्स पाहिले होते आणि एकाहून जास्त जोड्या फिरवणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला होता. पण आत्ता लगेच नको, आधी एक नीट बसणारी जोडी तर मिळू दे.

आणि गुडघे जातील म्हणाले ना ते, तर ऐक. नव्या रनर्सचे गुडघे-नडग्या दुखतात त्या बहुतेक वेळा एकदम जास्त पळायला लागल्यामुळे, आणि तिथे कुठलाच बूट वाचवत नाही. तू मिनिटभरापासून ५ किमीपर्यंत चार महिने घेतलेस, हे फार शहाणपणाचं केलंस. असंच हळूहळू वाढव. नवीन बूट आल्यावरही पहिले दोन-तीन वेळा छोटंच पळ, दोनेक किमी, उरलेलं जुन्यात.

नखाला सध्या काही करू नकोस, ओढू नकोस, बाकीची नखं सरळ आणि आखूड काप. ठणका लागला, पू झाला, आजूबाजूला लाल झालं तर डॉक्टर. डायबिटीस असेल तर कशाचीच वाट न बघता आधीच दाखव. मुंग्यांचं असं कर, लेस वर सांगितली तशी बांधून आणि मग रुंद बूट घालून तीन-चार आठवडे बघ. तरी येत राहिल्या, किंवा बूट काढल्यावरही बोटं बधिर राहिली, तर चवड्यातल्या नसेला सूज असू शकते, ते तपासून घे. तोपर्यंत मला एवढं कळव की इनसोलवर उभी राहिल्यावर सगळ्यात पुढे कुठलं बोट होतं.

– ताई